राणीचा हरवलेला ‘ग’

लॅटिनमध्ये राजा ‘रेक्स’ आणि राणी ‘रेगीना’. कोंबडा ‘गाल्लुस’ आणि कोंबडी ‘गाल्लीना’. राणी असो वा कोंबडी, रोमनांनी दोघींना ‘ईना’ हे एकच शेपूट लावलं. रोमचं साम्राज्य मोडलं, लॅटिन ठिकठिकाणी वेगवेगळी बोलली जाऊ लागली आणि ‘रेगीना’च्या लेकी युरोपभर पसरल्या. फ्रेंचमध्ये ‘रेन’, स्पॅनिश आणि कॅटलानमध्ये ‘रेइना’, पोर्तुगीजमध्ये ‘राईन्या’, इटालियनमध्ये ‘रेजीना’ आणि रुमानियनमध्ये ‘रेजीनं’. यांतल्या सख्ख्या लेकी ओळखा म्हटलं, तर कुणीही शेवटच्या दोघींकडे बोट दाखवेल. नेमक्या त्याच बाहेरून आणलेल्या आहेत.

भानगड ‘ग’ची आहे. ‘इ’ किंवा ‘ए’ उच्चारायला जीभ टाळूकडे सरकते आणि आधीच्या ‘ग’ला सोबत ओढते. उत्तरकालीन लॅटिनमध्ये अशा ‘ग’चा ‘य’सारखा मऊ ध्वनी झाला आणि दोन स्वरांच्या मध्ये सापडला की तो विरघळूनच गेला. हे काही एकट्या राणीच्या बाबतीत घडलं नाही. लॅटिन ‘विगिंती’ म्हणजे वीस, त्याचं स्पॅनिशमध्ये ‘वेइंते’ झालं. ‘मागिस्तेर’ म्हणजे गुरू, त्याचा ‘माएस्त्रो’ झाला. ध्वनिबदल शब्दाचा मानमरातब बघत नाही. १८७०च्या दशकात लाइपझिगच्या भाषाशास्त्रज्ञांनी हाच नियमितपणा शास्त्राचा पाया मानला.

स्पॅनिश राणी आधी ‘रे-ई-ना’ अशी तीन उच्चार-अवयवांची (सिलॅबल्सची) होती, जोर ‘ई’वर. पुढे जोर ‘ए’वर सरकला आणि दोनच अवयव उरले. ‘वेइंते’चंही तेच झालं. फ्रेंचने तर सगळं एका अवयवात कोंबलं.

खरी गंमत पोर्तुगीजची. या भाषेने ‘ग’ गिळलाच, शिवाय दोन स्वरांमधला ‘न’ही गिळला. जाता जाता तो ‘न’ आधीच्या स्वराला अनुनासिक करून गेला, आणि त्या नाकातल्या ‘ईं’मधून पुढे नवाच ‘न्य’ उगवला. ‘गाल्लीना’ची ‘गालीन्या’ झाली तीही याच वाटेने. म्हणजे ‘राईन्या’तला ‘न्य’ हा जुना ‘न’ नव्हे, त्याच्या जागी नंतर आलेला आहे. सर्वांत अनोळखी दिसणारी ही लेक अस्सल वारसदार आहे.

आता इटली. चौदाव्या शतकात बोकाच्चोच्या ‘डेकामेरॉन’मध्ये कथा सांगणारी मंडळी रोज आपल्यातून एक राजा किंवा राणी निवडतात, आणि तिथे राणीला शब्द आहे ‘रेइना’. इटालियननेही ‘ग’ गमावलाच होता. पण ‘साल्वे रेजीना’सारख्या लॅटिन प्रार्थना चर्चमध्ये कानावर पडत होत्या, विद्वानांची लॅटिन चालूच होती, आणि अखेरीस पोथीतल्या राणीने घरच्या राणीला बाजूला सारलं.

रुमानियात तर जुन्या ‘रेगीना’चा मागमूसच उरला नव्हता. तिथे राणी म्हणजे ‘क्रायासं’. त्यातला ‘क्राय’ हा राजा स्लाव भाषांमधून आला, आणि स्लावांनी तो घडवला शार्लमेन बादशहाच्या ‘कार्ल’ या नावावरून. अँडरसनच्या परीकथेतली हिमराणी रुमानियन मुलांना आजही ‘क्रायासा’ म्हणूनच भेटते. एकोणिसाव्या शतकात मात्र रुमानियन लोकांना आपल्या रोमन वंशाचा अभिमान दाखवायचा होता. सिरिलिक लिपी सोडून त्यांनी लॅटिन लिपी घेतली, लॅटिन आणि फ्रेंचमधून शब्दांची आयात केली. १८८१ मध्ये देश राज्य म्हणून घोषित झाला आणि कॅरोल राजाची पत्नी एलिझाबेता ‘रेजीनं’ झाली.

पोथीतला शब्द आणि घरचा शब्द यांतला हा भेद मराठी वाचकाला समजावून सांगायला नकोच. आपल्या व्याकरणात त्याला तत्सम आणि तद्भव अशी नावं आहेत: ‘राज्ञी’ तत्सम, ‘राणी’ तद्भव. शिवाय स्वरांमधली व्यंजनं गिळण्यात आपली प्राकृतं कुणाला हार जाणारी नव्हती. ‘क, ग, च, ज, त, द’ वगैरे बहुधा लोपतात, असा नियमच वररुचीने ‘प्राकृतप्रकाश’मध्ये नोंदवून ठेवला आहे. ‘नगर’चं ‘नेर’ झालं आणि पारनेर, अंमळनेर नकाशावर आले. ‘राजकुल’चं ‘राऊळ’ झालं, ‘राजा’चा ‘राय’ झाला. स्पॅनिशमध्येही राजाला ‘रेय’च म्हणतात. दोन्हीकडे मधलं व्यंजन गळालं, पण एकमेकांना न विचारता.

‘रेक्स’ आणि ‘राजन्’ यांचं मूळ एकच, म्हणून राण्याही नात्यातल्या. पण शेपटं वेगळी. ‘राईन्या’चा ‘न्य’ ‘ईना’ प्रत्ययातून निघाला. आपल्या ‘राणी’चा ‘ण’ आला ‘राज्ञी’च्या ‘ज्ञ’मधून, जशी ‘आज्ञा’ची ‘आण’ झाली. तेव्हा ‘राणी’ हा शब्द गोव्यात पोर्तुगिजांनी आणला असं कुणी छातीठोक सांगितलं, तर मानू नका. ते १५१० मध्ये आले, तेव्हा राणी इथे होतीच.