महिनाभर चंद्र पाहूया : एक वही, एक चेंडू आणि थोडा धीर



आधी माझी एक चूक सांगते. चौथीच्या एका मुलाने चित्र काढलं होतं. मध्ये शाळा, एका कोपऱ्यात सूर्य आणि दुसऱ्या कोपऱ्यात अर्धा चंद्र. मी लाल पेनाने चंद्रावर फुली मारली. "दिवसा चंद्र असतो का रे?" तो हळूच म्हणाला, "बाई, मी शाळेत येताना पाहिलाय." वर्ग हसला, मीही हसले. चार दिवसांनी शाळेत जाताना सहज वर पाहिलं, तर पश्चिमेला पांढुरका चंद्र आणि पूर्वेला सूर्य! त्या दिवशी वर्गासमोर मी त्याची माफी मागितली. आणि ठरवलं, आता चंद्र पुस्तकातून नाही, आकाशातून शिकवायचा.

नोंदवही कशी करायची?

अमावास्येनंतर बीजेची कोर दिसते, त्या दिवसापासून सुरुवात करा. वहीत सहा रकाने आखा : तारीख, तिथी, पाहण्याची वेळ, दिशा, उंची आणि आकार. आकार शब्दांत नको, मुलांना काढू द्या. उंची मोजायला हात सरळ लांब करून मूठ धरायची. एक मूठ म्हणजे साधारण १० अंश. ढग असतील तर 'ढग' असंच लिहायचं. न पाहता कॅलेंडरवरून भरलेली नोंद चालणार नाही, हे मुलांना आधीच सांगा.

पहिले पंधरा दिवस, म्हणजे शुक्ल पक्षात, रोज संध्याकाळी सातला पाहायचं. पौर्णिमेनंतर कृष्ण पक्षात सकाळी साडेसहा-सातला.

काय दिसेल?

- शुद्ध द्वितीया-तृतीया : संध्याकाळी पश्चिमेला बारीक कोर, थोड्याच वेळात मावळते.
- शुद्ध अष्टमी : अर्धा चंद्र. दुपारी बाराच्या सुमारास उगवतो, संध्याकाळी उंच असतो, मध्यरात्रीच्या आसपास मावळतो.
- पौर्णिमा : सूर्य मावळताना पूर्वेला उगवतो, सूर्य उगवताना पश्चिमेला मावळतो.
- वद्य अष्टमी : पुन्हा अर्धा. मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, सकाळी शाळेच्या वेळीही दिसतो.
- अमावास्या : सूर्याबरोबरच उगवतो आणि मावळतो, म्हणून दिसत नाही. या दिवशी सूर्याजवळ चंद्र शोधायचा नाही, डोळ्यांना इजा होते. हे ठासून सांगा.

शुक्ल पक्षात उजळ बाजू पश्चिमेकडे असते आणि कृष्ण पक्षात पूर्वेकडे. म्हणजे उजळ बाजू नेहमी सूर्याकडेच! हे मुलांना स्वतः शोधू द्या.

रोज उशीर का होतो?

एका अमावास्येपासून दुसरीपर्यंत सुमारे साडेएकोणतीस दिवस लागतात. तेवढ्या दिवसांत चंद्रोदय सरकत सरकत पूर्ण २४ तासांची फेरी मारतो. २४ तास म्हणजे १४४० मिनिटं. १४४० भागिले २९.५ केलं की उत्तर येतं साधारण ४९. म्हणजे रोज सरासरी पाऊण तासाहून थोडा जास्त उशीर. कधी हा उशीर ४० मिनिटांच्या आसपास असतो, कधी तासाच्या जवळ जातो.

कारण सोपं आहे. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करते, तोवर चंद्रही त्याच दिशेने थोडा पुढे सरकलेला असतो. त्याला गाठायला पृथ्वीला अजून थोडं फिरावं लागतं.

यातूनच एक गंमत निघते. समजा १० तारखेला चंद्र रात्री ११.४० ला उगवला. पुढचा चंद्रोदय ५० मिनिटं उशिरा, म्हणजे ११ ची रात्र ओलांडून १२ तारखेला १२.३० ला. मग ११ तारखेला चंद्रोदयच नाही! मुलाने असं काही सांगितलं तर लगेच फुली मारू नका. (मी आता मारत नाही.)

चेंडूचा प्रयोग

बऱ्याच मुलांना, आणि खरं सांगायचं तर मोठ्यांनाही वाटतं की चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात. तसं नाही. सावली पडते ती फक्त चंद्रग्रहणात. दिवसा चंद्र आणि सूर्य दोन्ही आकाशात असताना मुलांना मैदानावर न्या. पांढरा चेंडू उन्हात, चंद्राच्या दिशेने हात लांब करून धरा. चेंडूचा उजळ भाग अगदी चंद्रासारखाच दिसतो! चेंडूवर पृथ्वीची सावली कुठे आहे? नाहीच. अर्धा चेंडू कायम उजळलेला असतो, आपल्याला त्यातला किती दिसतो तेवढाच फरक.

पालकांसाठी

यात घरातली मोठी माणसं खरी गुरू आहेत. संकष्टीचा उपवास करणाऱ्या आजीला चंद्रोदयाची वेळ बरोबर माहीत असते. वद्य चतुर्थीचा चंद्र रात्री नऊच्या सुमारास का उगवतो, हे मुलालाच आजीला समजावू द्या. पौर्णिमेनंतर चार दिवस, रोज पाऊण-एक तास. हिशोब जुळतो! कॅलेंडरमध्ये गावागणिक वेळ वेगळी का, हेही विचारा. पूर्वेकडच्या नागपूरला चंद्र मुंबईपेक्षा साधारण २५ मिनिटं आधी उगवतो. आणि गावाच्या पूर्वेला डोंगर असेल तर छापील वेळेनंतरही वाट पाहावी लागते.

महिन्याच्या शेवटी सगळ्या वह्या शेजारी शेजारी मांडा. कुणाच्या पाच नोंदी राहिल्या असतील, कुणाचे आकार वेडेवाकडे असतील. चालेल. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं खरं मानायची सवय लागली, हेच मोठं.

त्या मुलाचं चित्र आजही आमच्या वर्गाच्या भिंतीवर आहे, लाल फुलीसकट. येत्या बीजेपासून तुम्हीही वही सुरू करा.