पलूस, पलूसला, पलुसात

पलूसच्या नावातला 'लू' दीर्घ. 'पलूसला', 'पलूसचा', 'पलूसहून' लिहितानाही तो दीर्घच राहतो, कारण तिथे शब्दाचे रूप बदलत नाही. पण 'पलुसात' म्हटले की सामान्यरूप होते आणि 'लु' ऱ्हस्व होतो. नागपूरचे नागपुरात होते, गरीबचे गरिबाला होते, तसेच. नियम एवढाच, पण सांगली जिल्ह्यातल्या या तालुक्याबद्दल छापलेले कुठलेही चार कागद पुढ्यात घ्या. पलूस, पलुस, पलुसला, पलूसात अशी सगळी रूपे सापडतील.

काही वर्षे या भागातल्या महाविद्यालयीन नियतकालिकांची प्रुफे मी वाचली. एका अंकात ही चारही रूपे एकाच पानावर होती. त्याच अंकाच्या पहिल्या पानावर ठसठशीत अक्षरांत 'वर्धापन दीन' छापले होते. दीन म्हणजे गरीब, लाचार. लेख विद्यार्थ्यांचे होते, तपासले प्राध्यापकांनी होते, डीटीपी करणारा मुलगा हुशार होता. चूक कुणा एकाची नव्हती. या अंकात कोणता शब्द कसा लिहायचा, हे कुणी ठरवलेच नव्हते.

हा गोंधळ जुना आहे आणि त्याला कारणेही आहेत. आपल्या पणज्यांच्या हातात मोडी होती. तिच्यात ऱ्हस्व आणि दीर्घ वेलांटीचा भेद पाळत नसत, शब्द सुटे करत नसत, विरामचिन्हे तर नव्हतीच. ओळ आखायची आणि तिला अक्षरे लटकवत जायचे. कुलकर्ण्याचे दप्तर त्यावर शतकानुशतके चालले. छापखाना आला, छपाई बाळबोध लिपीत होऊ लागली, तेव्हा पहिल्यांदा प्रश्न पडला की वेलांटी पहिली की दुसरी. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ चे. मेजर कँडी यांनी 'विरामचिन्हांची परिभाषा' १८५० मध्ये छापली. स्वल्पविराम, अर्धविराम, उद्गारचिन्ह हे सगळे मराठी वाक्यात रुजले ते त्यानंतर. म्हणजे आज आपण सहज टेकवतो तो स्वल्पविराम मराठीत पावणेदोनशे वर्षांचाच आहे.

पुढची शंभर वर्षे वादात गेली. टिळकांपासून सगळ्यांनी त्यात भाग घेतला. अखेर १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाच्या चौदा नियमांना शासनाची मान्यता मिळाली आणि १९७२ मध्ये आणखी चार नियमांची भर पडली. 'कांहीं', 'नाहीं', 'घरांत' यांवरचे व्युत्पत्तीचे अनुस्वार गेले. तासगांवचे तासगाव झाले, निदान कागदावर. पाट्यांवर ते टिंब अजून टिकून आहे. त्याच १९६२ मध्ये, १८ नोव्हेंबरला, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. विद्यापीठ आणि नियम एकाच वर्षाचे.

त्याच्याही कितीतरी आधी पलूसशेजारी एक मोठा प्रयोग होऊन गेला होता. किर्लोस्करवाडी १९१० मध्ये वसली, ओसाड माळावर, नांगराच्या कारखान्याभोवती. तिथून १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढले. पुढे त्याचे 'किर्लोस्कर' झाले, १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' आले. सावरकरांनी मांडलेली 'अ'ची बाराखडी या मासिकांनी आपल्या पानांवर उतरवली. इ, ई, उ, ऊ, ए ही स्वतंत्र अक्षरे टाकून 'अ'लाच वेलांटी, उकार, मात्रा द्यायची. म्हणजे 'अितिहास', 'अुद्योग', 'अेक'. खिळे जुळवणाऱ्याच्या केसमधली घरे कमी व्हावीत, हा त्यातला व्यावहारिक भाग.

ती बाराखडी परत यावी असे मला वाटत नाही. वाचणाऱ्याच्या डोळ्याला ती अडखळवते, आणि मराठीने तिला सोडले ते बरेच झाले. पण जुना अंक हातात घेतला की मी थबकतो ते दुसऱ्याच गोष्टीवर. संपादकाने एक ठरवले आणि तो निर्णय कंपोझिटरच्या बोटांपर्यंत पोचला. कथा कुणाचीही असो, 'अेक' हा 'अेक'च. खेड्यातल्या माळावरचा एक छापखाना हे करू शकत होता.

आज संगणकामुळे काम सोपे व्हायला हवे होते, पण नवीनच खड्डे पडले. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये नेताना पहिला मार बसतो तो 'ऱ्य'ला. 'आचार्यांना' म्हणजे गुरुजनांना आणि 'आचाऱ्यांना' म्हणजे स्वयंपाक्यांना. रूपांतरात दोघे एक होतात. 'ॲ'चेही तसेच. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे आले. त्याआधी 'अ'वर चंद्र ठेवून काम भागवत, आजही कित्येक जण भागवतात. डोळ्याला दोन्ही सारखे दिसतात, पण यंत्राच्या लेखी ती दोन निरनिराळी लेखने आहेत. प्रबंध आता 'शोधगंगा' या संकेतस्थळावर ठेवले जातात. एकाने 'ॲ' एका पद्धतीने टंकला, शोधणाऱ्याने दुसऱ्या, की यंत्राकडून तो प्रबंध निसटू शकतो. एखाद्या मुलीने चार-पाच वर्षे घालून केलेले काम एका अर्धचंद्रापायी नजरेआड व्हावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

शुद्धलेखन म्हणजे खेड्यातल्या पोरांना हिणवण्याची काठी, असा राग अनेकांच्या मनात आहे, आणि तो खोटा नाही. कुंडलच्या मुलाने कथेत 'व्हतं', 'न्हाई' लिहिले तर त्याला कुणी लाल शाई लावू नये. ती त्याच्या पात्राची जीभ आहे. नियमांनीसुद्धा पात्राच्या तोंडी 'असं केलं' चालू ठेवले आहे. पण त्याच मुलाच्या प्रबंधात 'विद्यार्थीमंडळ' आणि 'विद्यार्थिमंडळ' दोन्ही आले, तर तिथे त्याला कुणीतरी शेजारी बसवून दाखवायला हवे की समासात या शब्दाची वेलांटी ऱ्हस्व होते.

आणि सगळे काही नियमांनी ठरवून दिलेले नाही. 'अंबुज' की 'अम्बुज', दोन्ही चालतात. औदुंबरला १९३९ पासून संक्रांतीला भरते ते 'साहित्य संमेलन' की 'साहित्यसंमेलन'? आद्याक्षरांमध्ये जागा सोडायची का? आकडे देवनागरी की इंग्रजी? संयोगचिन्ह कुठे, अपसारणचिन्ह कुठे? हे ज्याच्या त्याच्या प्रकाशनाने ठरवायचे असते. शिवाजी विद्यापीठ संलग्न महाविद्यालयांच्या नियतकालिकांची स्पर्धा घेते. प्रत्येक अंकासोबत असा ठरावाचा एक कागद मागितला, तरी पुष्कळ होईल.

त्या चार 'पलूस'वाल्या अंकानंतर आम्ही असा कागद केला. संपादक मंडळातल्या दोन मुली, डीटीपीवाला आणि मी. दुपारभर बसलो. तालुक्यातली गावे आधी घेतली: कुंडलचा 'कु' ऱ्हस्व, पुढे अनुस्वार आहे म्हणून, बुर्ली आणि किर्लोस्करवाडी ऱ्हस्व, पुढे जोडाक्षर आहे म्हणून. मग 'दिन', मग 'ॲ', मग आद्याक्षरे. दोन्ही बाजू भरल्या. डीटीपीवाल्याने तो कागद संगणकाच्या वर भिंतीला चिकटवला. त्याची पहिली ओळ एका मुलीच्या हस्ताक्षरात आहे: पलूस, पलूसला, पलुसात.