देव की सरकार? ख्रिस्ती माणसाने कोणाचं ऐकायचं?

चर्चमध्ये राज्यकर्त्यांसाठीही प्रार्थना करण्याची परंपरा आहे. पण सरकारचा निर्णय पटला नाही, तर ख्रिस्ती माणसाने काय करायचं?

बायबलमध्ये याच्या दोन बाजू सापडतात. ‘रोमकरांस पत्र’, अध्याय १३ मध्ये पौल म्हणतो की सत्ता देवाने नेमलेली आहे. म्हणून कायदा पाळा, कर भरा. ‘प्रेषितांची कृत्ये’, अध्याय ५ मध्ये मात्र येशूबद्दल बोलायची बंदी पेत्र मोडतो. देवाच्या आज्ञेपुढे माणसाचा हुकूम दुय्यम, असं तो न्यायसभेलाच सांगतो.

म्हणजे सरकारची सत्ता देवाने सोपवलेली. म्हणून तिला मान आहे आणि मर्यादाही. ही मर्यादा विसरली की काय होतं? नाझी जर्मनीत अध्याय १३ दाखवूनच अनेक ख्रिस्ती लोकांना गप्प बसवलं गेलं.

आपल्याजवळचं उदाहरण वसईचं. पालघर जिल्हा होण्याआधी वसईसुद्धा उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरसारखी ठाणे जिल्ह्यातच होती. तिथली शेती आणि विहिरी बांधकामांमुळे धोक्यात आल्या, तेव्हा कॅथलिक धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘हरित वसई’ चळवळीचं नेतृत्व केलं. मार्ग शांततेचा होता. हेच दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते.

कायदा पाळणारा माणूसही सरकारला जाब विचारू शकतो, हे वसईने दाखवलं.