पाणी किती काढू?

सकाळचे सहा वाजायचेत. डायलिसिस विभागाच्या दाराशी वजनकाटा मांडलाय आणि त्याच्यापुढे रांग लागलीय. चपला बाजूला काढायच्या, खिशातल्या किल्ल्या, मोबाइल बायकोच्या हातात द्यायचे आणि काट्यावर उभं राहायचं. कोणी वाकून आकडा बघतं, कोणी मुद्दाम समोरच्या भिंतीकडे बघत राहतं.

"एकसष्ट चारशे," टेक्निशियन मोठ्यानं वाचतो. वहीत बोट फिरवतो. "काका, परवा अठ्ठावन्न नऊशेवर सोडलं होतं. दोन दिवसांत अडीच किलो?"

काका गप्प. काकू म्हणतात, "लग्न होतं घरात. पंगतीत मठ्ठा घेतला."

मे महिना आहे. जिल्ह्याच्या गावातलं रुग्णालय. पहिली पाळी सहाची, दुसरी अकराची, तिसरी चारची. सहाला येणारे बहुतेक गावातलेच. लांबच्या वाड्यांवरून इतक्या लवकर एसटी नाही, ते अकराला येतात. तोवर ऊन डोक्यावर आलेलं असतं.

आत दोन रांगांत दहा मशीनं. एक काचेपलीकडे, काविळीचा विषाणू रक्तात असलेल्यांसाठी. जंतुनाशकाचा आंबूस वास. पंखे आहेत, तरी अंगावर पांघरुणं आहेत. रक्त शरीराबाहेर फिरून येतं तेव्हा थंडी वाजते. सिस्टर एकेका खाटेशी थांबते आणि तोच प्रश्न विचारते, "पाणी किती काढू?" किडनी बंद पडली की लघवी कमी होत जाते, कित्येकांची थांबतेच. प्यालेला प्रत्येक घोट अंगात साठतो, पायावर, फुप्फुसांत. तो इथं मशीननं ओढून काढायचा. जास्त ओढलं तर बीपी कोसळतं, पोटऱ्यांत गोळे येतात. म्हणून हा प्रश्न. अनुभवी माणसं बरोबर सांगतात. "आज दोनच काढा, सिस्टर. मागच्या वेळी लई पेटके आले."

तिसऱ्या खाटेवरची ताई ब्लाऊज शिवते. वय चौतीस. बाळंतपणात बीपी चढलं आणि किडन्या गेल्या. ते बाळ आता दुसरीत आहे. डाव्या हाताची बाही ती वर सरकवते. मनगटापासून कोपरापर्यंत शीर दोरखंडासारखी वर आलीय. धमनीला शीर जोडून दिली की ती अशी फुगते आणि जाड सुया घेऊ शकते. "हात लावून बघा," ती म्हणते. मी बोटं टेकवते. पिठाची गिरणी चालू असताना भिंतीला हात लावल्यावर लागते तशी थरथर आत चालू आहे. अखंड. "रात्री उशाशी हात घेतला की ऐकू येतं," ती सांगते. "आवाज आहे म्हणजे चालू आहे. बंद झाला की पळत यायचं."

दोन सुया टोचल्या जातात. ती मान वळवत नाही. लाल नळीतून रक्त बाहेर येतं, पंप गरगरतो, मिनिटाला अडीचशे-तीनशे मिली. बारीक धाग्यांनी भरलेल्या पारदर्शक नळकांड्यातून रक्त जातं आणि निळ्या नळीनं परत येतं. चार तास. कागदावर आठवड्यातून तीनदा. प्रत्यक्षात इथले बरेच जण दोनदाच येतात. उपचार योजनेत बसतो, पण एसटीचं भाडं आणि सोबत आलेल्या माणसाची बुडालेली मजुरी कुठल्या योजनेत बसत नाही.

हे नळकांडं आज टेक्निशियन एका हातानं बसवतो. १९४३ साली जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये एका तरुण डॉक्टरनं पहिलं यंत्र उभं केलं, तेव्हा त्याच्याकडे होतं सॉसेज भरायचं सेलोफेनचं आवरण आणि एक फिरता पिंप. सुरुवातीचे जवळजवळ सगळे रुग्ण गेले. तो थांबला नाही. १९४५मध्ये सदुसष्ट वर्षांची एक बाई त्या यंत्रावर बेशुद्धीतून जागी झाली. तिच्या जागं होण्याचं देणं या दहाही खाटांवर आहे. मशीन नसतं तर ही ताई सात वर्षांपूर्वीच गेली असती, काही आठवड्यांत. आत्ता ती मोकळ्या हातानं फोन कानाला लावून गिऱ्हाइकाला विचारतेय, "बाही कोपरापर्यंत ठेवू की वर?"

शेजारच्या खोलीत पाणी शुद्ध करणारा आरओचा संच घुमतोय. एका माणसाच्या चार तासांना सव्वाशे लिटरच्या आसपास शुद्ध पाणी लागतं. आणि खाटेवरच्या माणसाला दिवसाला प्यायला किती? साधारण अर्धा लिटर आणि होईल तेवढ्या लघवीइतकं. दुपारी बाहेर बेचाळीस अंश होतात. एक तरुण रिक्षावाला छोटीशी बाटली दाखवतो. तिच्यावर पेनानं रेघा मारल्यात: सकाळ, दुपार, रात्र. "तहान लागली की बर्फाचा खडा चघळतो. शहाळ्याच्या गाडीजवळून रिक्षा नेत नाही." शहाळ्यात पोटॅशियम, ते वाढलं तर हृदय थांबू शकतं. केळं नाही, बटाटा चिरून पाण्यात ठेवून, ते पाणी फेकून मगच. हे सगळं तो पाठ म्हणून दाखवतो, तक्रार म्हणून नाही. मुलीला शाळेत सोडायचं असतं, म्हणून त्यानं अकराची पाळी मागून घेतलीय. आज बदलीवर सहाला आलाय.

मी जिन्यानं वर जाते.

दुसऱ्या मजल्यावर आयसीयू. दाराबाहेर चपलांचा ढीग, जमिनीवर चटया, डबे, पाण्याच्या बाटल्या, चार्जिंगच्या एका सॉकेटभोवती सहा फोन. इथं रांग नाही, नुसतं थांबणं आहे. दार उघडलं की सगळी तोंडं वर होतात. भेटायची वेळ अकरा ते साडेअकरा, एका वेळी एक जण.

मला एका आजींच्या मुलीबरोबर आत सोडतात. आजी चौऱ्याऐंशीच्या. पक्षाघाताचा मोठा झटका आलाय, त्यात निमोनिया. तोंडातून नळी, नाकातून नळी, गळ्याशी सुई. व्हेंटिलेटर ठरल्या लयीत छाती वर-खाली करतोय. दोन्ही मनगटं गॉजपट्टीनं खाटेच्या कठड्याला बांधलीत. "नळी ओढतात," सिस्टर हळू सांगते. "काय करणार." पट्टीखाली हिरव्या गोंदणाचे ठिपके दिसतात. मुलगी कानाशी वाकून "आये, आये" म्हणते. मॉनिटरवर आकडा थोडा हलतो. आजींची बोटं वळतात, ताणतात, पट्टी जिथवर जाऊ देते तिथवर जातात. मला ते बघवत नाही आणि बघायचं थांबवताही येत नाही.

हे यंत्रसुद्धा कुणाला तरी परत आणण्यासाठीच आलं. १९५२मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली, पोरांचे श्वास बंद पडू लागले, तेव्हा वैद्यकीय शाळांचे सुमारे पंधराशे विद्यार्थी पाळ्या लावून हातानं रबरी पिशवी दाबत बसले. दिवसरात्र, कित्येक आठवडे. पोरांनी पुन्हा स्वतः श्वास घ्यावा म्हणून. अतिदक्षता विभागाची सुरुवात तिथली. या आजींचा श्वास परत येईल असं डॉक्टरही म्हणत नाहीत. ते म्हणतात, "प्रयत्न चालू आहेत."

बाहेर चटईवर आजींचे धाकटे भाऊ बसलेत, पांढरी टोपी, हातात काठी. "आमच्या आईची अकरा बाळंतपणं," ते सांगतात. "राहिलो आम्ही पाच. एक गोवरानं गेलं, दोन हगवणीनं. बाकीची कशानं, तेही माहीत नाही." देश स्वतंत्र झाला तेव्हा इथल्या माणसाचं सरासरी आयुर्मान बत्तिसाच्या आसपास होतं, आज ते सत्तरीत आहे. मधली वर्षं मुख्यतः या मजल्यावर वाढलेली नाहीत. ती वाढली लसीनं, स्वच्छ पाण्यानं, मीठ-साखरेच्या पाण्यानं, क्षयाच्या गोळ्यांनी, दवाखान्यातल्या बाळंतपणानं. मेली नाहीत ती पोरं, म्हणून सरासरी चढली. त्या सहा भावंडांना मिळायला हवी होती ती वर्षं. त्याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

कोपऱ्यात आजींचे तीन मुलगे आणि डॉक्टर बोलतायत. "सगळं करा, डॉक्टर. पैशाकडं बघू नका." थोरला म्हणतो. मधला खाली बघतो. अर्धा एकर गहाण पडलाय, हे त्याच्या बायकोनं मला आधीच सांगितलंय. प्रेम खोटं नाही. पण "बास करा" हे वाक्य पहिल्यांदा कोणी उच्चारायचं? ज्यानं उच्चारलं त्याच्याकडे भावकी आयुष्यभर बोट दाखवणार. डॉक्टरलाही भीती आहेच. कायद्यानं वाट आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८च्या निकालानं माणसाला आपल्या शेवटच्या उपचारांबद्दल आधीच लिहून ठेवायचा हक्क दिला. २०२३मध्ये ती रीत सोपी झाली, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. मी सिस्टरला विचारते, असा कागद कोणी आणलेला आठवतो का? ती मान हलवते. आजींना कोणी विचारलं होतं? मुलगी म्हणते, "ती म्हणायची, मला हातपाय हलतायत तवर ने रे देवा." ते लिहून घ्यायचं असतं हे कोणाला ठाऊक?

साडेअकरा होतात. दार बंद.

खाली दुसरी पाळी लागलीय. ओपीडीत किडनीच्या डॉक्टरांपुढे शहात्तर वर्षांचे एक आबा बसलेत, बरोबर मुलगा. किडन्या संपत आल्यात, हृदयही थकलंय. मुलगा म्हणतो, "लगेच मशीनवर घ्या." डॉक्टर खुर्ची आबांकडे वळवतात. मशीनवर घेतलं तर काय, नाही घेतलं तर काय, सावकाश सांगतात. चार तास, आठवड्यातून तीनदा, येणंजाणं धरून दिवस जातोच. या वयात, या हृदयाला, वाढलेले बरेचसे दिवस इथंच जाऊ शकतात. मशीन नको म्हणालात तरी धाप, खाज, मळमळ यांवर औषधं देत राहू, सोडणार नाही. बाहेर चाळीस माणसं खोळंबलीत. डॉक्टर घड्याळाकडे बघत नाहीत.

आबा बराच वेळ टोपी हातात फिरवतात. "सहा महिने चालवा. वाटणी व्हायचीय. धाकट्याच्या नावानं उतारा निघू दे. मग मी सांगन."

"चालेल. सहा महिन्यांनी पुन्हा बोलू."

"आन् वर न्यायचं नाही." आबा छताकडे बोट दाखवतात. "भावाला नेला होता. बांधून ठेवला होता."

"आबा, आत्ता कशाला ते?" मुलगा म्हणतो.

डॉक्टर केसपेपरवर लिहितात आणि लिहिलेलं वाचून दाखवतात. मग मुलाला सांगतात, एवढ्यानं भागत नाही, दोन साक्षीदार घेऊन नोटरीपुढे रीतसर कागद करा. मुलगा काही बोलत नाही. आबाच म्हणतात, "वाटणीला वकिलाकडं जायचंच हाय. दोन्ही एकदमच करू." मग वारांचा विषय निघतो. सोमवार, बुधवार, शुक्रवार की मंगळवार, गुरुवार, शनिवार?

"मंगळवार नको," आबा म्हणतात. "मंगळवारी बाजार असतोय."