सुवर्णांकित पोर्सलीन, जपानी

सोन्याचा वर्ख अथवा भुकटी भाजून पक्की केलेली आणि बहुधा पक्ष्यांच्या सांकेतिक आकृतिबंधांनी अलंकृत केलेली जपानी पोर्सलीनची पात्रे. क्यूशू बेटावरील आरिता व होन्शू बेटावरील कागा परगण्यातील कुतानी ही त्यांच्या निर्मितीची प्रमुख केंद्रे होत. ‘सात्सुमा’ नावाने प्रसिद्ध असलेल्या सुवर्णांकित वस्तूही पुष्कळदा याच वर्गात घातल्या जातात. तथापि त्यांचे अंग पिवळसर व सच्छिद्र असून झिलईवर बारीक तड्यांचे जाळे असते. त्यांना पोर्सलीन म्हणणे बरोबर नव्हे.

टोयोटोमी हिदेयोशीच्या कोरियावरील स्वाऱ्यांच्या वेळी (१५९२–९८) तेथील अनेक कुंभार जपानमध्ये आणले गेले. त्यांपैकी री साम्पेई यास १६१६ च्या सुमारास आरिताजवळील इझुमियामा येथे पोर्सलीनला योग्य असा दगड सापडला, अशी परंपरा आहे. पुढे १६४० च्या दशकात झिलईवर रंगीत मिना चढविण्याचे तंत्र तेथे अवगत झाले. त्याचे श्रेय परंपरेने पहिला साकाइदा काकिएमोन (१५९६–१६६६) यास दिले जाते. चीनमधील मिंग-चिंग सत्तांतराच्या धामधुमीत तेथील निर्यात खुंटली, तेव्हा डच ईस्ट इंडिया कंपनीने १६५९ पासून आरिताकडे मोठ्या मागण्या नोंदविल्या. माल इमारी बंदरातून बाहेर पडे, म्हणून त्यास ‘इमारी’ हे नाव मिळाले. झिलईखाली गडद निळा रंग, वर तांबडा आणि त्यावर सोने, ही ‘किनरांदे’ म्हणजे जरीकामासारखी शैली सतराव्या शतकाच्या अखेरीस भरास आली. कुतानीची परंपरा मध्यंतरी खंडित होऊन एकोणिसाव्या शतकात पुन्हा सुरू झाली. कुतानी शोझा (१८१६–८३) याने अनेक रंग व सोने यांचा एकत्र उपयोग करून तिला निर्यातीच्या बाजारात स्थान मिळवून दिले. मागणी वाढली तसे रिकामी जागा सोडण्याचे भान मात्र कमी झाले. या काळातील कित्येक फुलदाण्यांत सोन्याच्या गर्दीत चित्र हरवलेले दिसते.

या कलेचे मर्म भाजण्याच्या क्रमात आहे. कच्चे पात्र प्रथम हलके भाजतात व झिलई देऊन सु. १,३००° से. तापमानास पक्के करतात. मिन्याचे रंग त्यानंतर सु. ८००° से.ला भाजले जातात. सोने अगदी शेवटी आणि त्याहूनही कमी तापमानास भाजतात. त्यामुळे ते झिलईत मुरत नाही, केवळ पृष्ठभागावर धरून राहते. भुकटीचे सोने भट्टीतून निस्तेज निघते व घोटून त्यास चकाकी आणावी लागते. एकोणिसाव्या शतकात युरोपात तयार झालेले द्रवरूप सोने घोटल्याविनाच चमकते; पण त्याचा थर अतिशय पातळ असतो आणि त्याची झळाळीही काहीशी उथळ वाटते.

सोने उघडे राहण्याची ही अडचण ‘युरि-किनसाय’ या तंत्राने दूर केली. कुतानीजवळचे कानाझावा हे जपानमधील वर्खनिर्मितीचे मुख्य केंद्र असून तेथील सोन्याचा वर्ख मिलिमीटरच्या सु. दहा हजाराव्या भागाइतका पातळ असतो. या तंत्रात कापलेला वर्ख पात्रावर भाजून बसवितात, नंतर त्यावर पारदर्शक झिलईचा थर देऊन पात्र पुन्हा भाजतात. सोन्याचा प्रकाश मग झिलईच्या आतून, शांतपणे येतो. जाड व पातळ अशा दोन प्रकारच्या वर्खांनी पाने-फुले व पक्षी यांना छायाप्रकाश देणारे योशिता मिनोरी यांना २००१ मध्ये ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा सन्मान लाभला.

पक्ष्यांची निवड सहसा केवळ शोभेसाठी नसते. लांब मानेचा पांढरा पक्षी भारतीय प्रेक्षकास बगळा वाटण्याचा संभव आहे. परंतु तांबडा माथा, काळी मान आणि शेपटीवर येणारी काळी पिसे यांवरून तो क्रौंच म्हणून ओळखता येतो. आपल्याकडे बगळा ढोंगाचे प्रतीक ठरला, तर जपानी क्रौंच सहस्र वर्षांच्या आयुष्याचे. म्हणून विवाह व नववर्ष यांच्या भेटींवर तो पाइन वृक्षासह येतो. मँडरिन बदकांची जोडी हे दांपत्यनिष्ठेचे चिन्ह. संस्कृत काव्यातील चक्रवाकही बदकाच्याच कुळातला. तो रात्री जोडीदारापासून दुरावतो, तर जपानी जोडी दुरावत नाही. ‘होओ’ या काल्पनिक पक्ष्यास पाश्चात्त्य लेखक फिनिक्स म्हणतात, मात्र राखेतून उठण्याची कथा त्याची नव्हे. तो सद्गुणी राजाच्या काळी प्रकट होतो व पौलोनिया वृक्षावरच उतरतो, अशी समजूत आहे. काकिएमोन शैलीतील राळ्याच्या कणसांखालचे लावे शरद ऋतू सुचवितात. ही चित्रे जर्मनीतील माइसेनच्या कारखान्याने हुबेहूब उचलली, पण तेथे ऋतूचा संकेत उरला नाही.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील (पूर्वीचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम) चिनी व जपानी कलावस्तूंचा मोठा भाग सर रतन टाटा (१८७१–१९१८) आणि सर दोराबजी टाटा (१८५९–१९३२) यांच्या संग्रहांतून आलेला आहे. जपानशी या घराण्याचा संबंध जुना होता : मुंबईची रुई नेण्यासाठी १८९३ मध्ये मुंबई-कोबे जहाजवाहतूक सुरू झाली, तीत जमशेटजी टाटांचा पुढाकार होता.

घरोघरी जपलेल्या पात्रांचा काळ ठरविताना तळावरची खूण उपयोगी पडते. चौकटीतील ‘फुकु’ (सुख) हे अक्षर कुतानीच्या पात्रांवर आढळते. रोमन लिपीतील ‘निप्पॉन’ ही अक्षरे अमेरिकेच्या आयात-नियमांमुळे १८९१ पासून आणि ‘जपान’ ही १९२१ पासून रूढ झाली. चिंच, लिंबू, राख किंवा घासणी वापरल्यास झिलईवरचे सोने निघून जाते. कोमट पाणी व मऊ फडके पुरेसे असते. सोने झिजलेल्या जागी झिलई किंचित मंद राहते. पात्र तिरप्या उजेडात धरल्यास गेलेल्या पंखांची रेघ तेथे वाचता येते.