वारसा कोणाचा आणि सांगणार कोण?

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, व्हँकुव्हर बेटाच्या उत्तर भागाजवळ कॉर्मोरंट नावाचे एक लहानसे बेट आहे. त्यावर अलर्ट बे हे गाव वसलेले आहे. पोर्ट मॅकनील येथून बोटीने सुमारे पाऊण तासात तेथे पोहोचता येते. हे नमगीस लोकांचे गाव होय. क्वाक्वाक्यवाक्व या मूलनिवासी समाजाचा ते एक भाग आहेत. तेथील उमिस्ता सांस्कृतिक केंद्रात मार्गदर्शक पाहुण्यांना बरोबर घेऊन वारसा समजावून सांगतात. या सहलींचे महत्त्व कळण्यासाठी आपणास थोडे मागे जावे लागेल.

या समाजात 'पॉटलॅच' नावाचा समारंभ असतो. विवाह, नामकरण, मृताचे स्मरण अशा प्रसंगी यजमान मुखवट्यांची नृत्ये सादर करतो व जमलेल्यांना भेटी वाटतो. भेट स्वीकारणारा त्या प्रसंगाचा साक्षीदार ठरतो. कोणत्या घराण्याकडे कोणते नाव, कोणते नृत्य व कोणता हक्क, याची नोंद कागदावर नव्हे, तर या साक्षीदारांच्या स्मरणात राहते. म्हणजेच पॉटलॅच हे या समाजाचे दप्तरच होय.

कॅनडा सरकारने १८८४ साली कायद्यात दुरुस्ती करून या समारंभावर बंदी घातली. ती १८८५ पासून अमलात आली. तरीही लोक चोरून समारंभ करीत राहिले. डिसेंबर १९२१ मध्ये व्हिलेज बेटावर डॅन क्रॅनमर यांनी मोठा पॉटलॅच केला. तेव्हा ४५ जणांवर आरोप ठेवण्यात आले. भाषण करणे, नाचणे, भेटी देणे-घेणे हेच त्यांचे गुन्हे! मुखवटे व समारंभाचे साहित्य सरकारजमा केल्यास शिक्षा स्थगित होईल, अशी अट घालण्यात आली. ज्यांच्या बाबतीत ती पूर्ण झाली नाही, त्यांना तुरुंगात जावे लागले. साहित्य ओटावा व टोरांटोच्या संग्रहालयांत गेले. काही वस्तू न्यूयॉर्कच्या संग्राहकाने विकत घेतल्या.

१९५१ साली बंदीचे कलम कायद्यातून गेले, परंतु वस्तू परत मिळण्यास आणखी बराच काळ जावा लागला. संग्रहालय बांधा, मग वस्तू देऊ, अशी अट होती. म्हणून १९८० साली अलर्ट बे येथे उमिस्ता केंद्र उभे राहिले. पूर्वी शत्रूने पळवून नेलेली माणसे घरी परतली की त्यास 'उमिस्ता' म्हणत. वस्तूही आपलीच माणसे आहेत, हा भाव या नावात आहे.

परत आलेले मुखवटे येथे काचेच्या कपाटात ठेवलेले नाहीत. इतकी वर्षे कोंडून पडलेल्यांना पुन्हा का कोंडायचे, असा त्यामागील विचार आहे. समारंभात ज्या क्रमाने ते प्रकट होतात, त्याच क्रमाने ते मांडले आहेत.

गावातील दफनभूमीत स्मारकस्तंभ उभे आहेत. पाहुण्यांनी ते रस्त्यावरूनच पाहावयाचे असतात. आत पाऊल टाकावयाचे नाही. कोसळलेला स्तंभ पुन्हा उभारीत नाहीत, तो मातीस मिळू देतात. केंद्राजवळच सेंट मायकेल्स ही निवासी शाळा होती. १९२९ साली सुरू झालेल्या या शाळेत मुलांना आईवडिलांपासून व मातृभाषेपासून तोडले जाई. ती इमारत २०१५ साली पाडण्यात आली. हा दुःखद भागही येथे लपविला जात नाही.

यावरून विद्यार्थ्यांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. वस्तू तीच असते, पण सांगणारा बदलला की तिचा अर्थ बदलतो. दूरच्या संग्रहालयात तो मुखवटा म्हणजे एक कुतूहलाची वस्तू होती. अलर्ट बे येथे तो एका घराण्याचा हक्क आहे. म्हणून कोणत्याही समाजाचा वारसा पाहावयास जाताना आपण तीन प्रश्न विचारावेत. ही माहिती कोण सांगत आहे? येथे काय पाहण्याची आपणास परवानगी नाही? आणि आपण दिलेले पैसे कोणाच्या हाती जातात? या प्रश्नांची उत्तरे मिळाली, तरच ती सहल अभ्यास ठरेल.