पडणार हे धरून बांधलेला ड्रोन

सोलापूर-विजयपूर रस्त्यावरच्या मंद्रूपसारख्या गावात ट्रॅक्टरचा स्पेअर मिळतो, बोअरची मोटर भरून मिळते, मोबाइलचा डिस्प्ले बदलून मिळतो. ड्रोनचा पंखा मात्र कुरिअरनेच मागवावा लागतो. लिथियमची बॅटरी तर बहुधा रस्त्यानेच येते, म्हणजे आणखी काही दिवस. घरी पहिला ड्रोन बांधायला बसलेल्या इथल्या मुलामुलींना माझं पहिलं सांगणं यातूनच निघतं. ड्रोन किती वेगात उडेल हे नंतर पाहा. पडल्यावर काय तुटेल आणि ते परत हातात यायला किती दिवस लागतील, हे आधी पाहा. पहिला ड्रोन पडतोच.

या कसोटीला एफ४५० हा सांगाडा चांगला उतरतो. डीजेआय या चिनी कंपनीने तो लोकप्रिय केला आणि आज त्याच्या स्वस्त नकला सगळीकडे मिळतात. तिरक्या रेषेत समोरासमोर येणाऱ्या दोन मोटरींमध्ये ४५० मिलिमीटर अंतर, वजन पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास, आणि चारही हात स्क्रूने सुटणारे. एक हात मोडला तर तेवढाच बदलायचा. शर्यतीचे पाच इंची पंख्यांचे ड्रोन देखणे असतात, पण शिकाऊ हाताला सावरायला वेळच देत नाहीत. एफ४५० जरा सुस्त आहे, आणि पहिल्या ड्रोनला तेच हवं. पंख्यांचे तीन-चार जादा संच पहिल्याच ऑर्डरीत मागवावेत. सगळ्यांत आधी तेच जातात.

पैसे देण्याआधी वजनाचा हिशेब कागदावर मांडावा. सांगाडा २८० ग्रॅम, चार मोटरी २००, मोटरींचा वेग सांभाळणारे चार ईएससी १००, तीन सेलची २२०० एमएएच बॅटरी १८०. पंखे, वायरी, उड्डाण सांभाळणारा कंट्रोलर, जीपीएस आणि रिसीव्हर मिळून अडीचशेच्या घरात. गोळाबेरीज किलोभर. ए२२१२ ही १००० केव्हीची मोटर दहा इंची पंख्याने साधारण ८०० ग्रॅम उचलते, म्हणजे चौघी मिळून ३२०० ग्रॅम. वजनाच्या दुप्पट उचल तरी हवीच. इथे ती तिप्पट आहे, आणि ही शिल्लक सोलापूरच्या उन्हाळ्यात लागते. समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरहून उंच आणि पारा ४२ अंशांवर, अशा वेळी हवा इतकी विरळ होते की तोच पंखा त्याच वेगाने फिरूनही समुद्रकाठच्या थंड सकाळपेक्षा जवळजवळ आठवा हिस्सा कमी उचलतो.

बॅटरीवरचा ‘सी’ आकडाही तपासावा. २२०० एमएएचची ३० सी बॅटरी कागदावर ६६ अँपिअर देते. चारही मोटरी पूर्ण जोरात ५०च्या आसपास ओढतात. छापील आकडे फुगवलेले असतात, म्हणून एवढी शिल्लक ठेवलेली बरी. उड्डाण मिळेल सहा-सात मिनिटांचं. शिकायला ते पुरतं. जास्त वेळ उडावा म्हणून जड बॅटरी लादली की मोटरी तापतात आणि पडताना दणकाही मोठा बसतो.

कंट्रोलर निवडताना दोन पैसे जास्त गेले तरी मी पिक्सहॉकच्या बाजूने आहे. झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठात सुरू झालेल्या प्रकल्पातून तो आला. त्यावर आर्डूपायलट हे खुलं, फुकट सॉफ्टवेअर चालतं. ड्रोन सुरू होत नसेल तर कारण ते पडद्यावर शब्दांत दाखवतं, आणि प्रत्येक उड्डाणाची नोंदही (लॉग) ठेवतं. २००९च्या ‘थ्री इडियट्स’मधला चार पंख्यांचा ड्रोन आयडियाफोर्जचा होता, ही कंपनी आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी २००७ साली काढली. आज तशा यंत्राचे भाग विद्यार्थ्याला परवडतात. शिवाय फेब्रुवारी २०२२पासून परदेशी तयार ड्रोन आणायला मोजके अपवाद वगळता बंदी आहे, सुट्या भागांना नाही. हौशी माणसाला स्वतः बांधण्याचा रस्ता मोकळा आहे.

जोडणीत गावचं ज्ञान उपयोगी पडतं. विहिरीवरची थ्री फेज मोटर उलटी फिरली की वायरमन तीनपैकी दोन वायरी अदलाबदल करतो. ड्रोनच्या मोटरीलाही तीनच वायरी असतात आणि उपायही तोच. बॅटरी पहिल्यांदा जोडताना तिच्या एका वायरीत ट्रॅक्टरचा १२ व्होल्टचा इंडिकेटर बल्ब सिरीजमध्ये घालावा. बल्ब क्षणभर लुकलुकून विझला तर ठीक. पेटलेलाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, आणि हजारोंचे भाग एका बल्बाने वाचले. बॅटरीच्या जाड वायरींना २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न पुरत नाही. सोल्डर वरवर बसतं आणि कंपनाने हवेत सुटतं. ६० वॉटचं घ्यावं.

आता बिघाड. उडता क्षणी ड्रोन उलटतो ही सर्वांची पहिली तक्रार, आणि बहुतेक वेळा दोष मोटरींच्या क्रमात असतो. आपण घड्याळाच्या काट्याप्रमाणे मोजतो. आर्डूपायलट पुढची उजवी १, मागची डावी २, पुढची डावी ३ आणि मागची उजवी ४ अशी मोजतं. १ आणि २ घड्याळाच्या उलट फिरतात, ३ आणि ४ सुलट. पंखे उतरवून एकेक मोटर फिरवून पाहिली की चूक सापडते. हे जुळूनही उलटत असेल तर पंखे डावे-उजवे बसलेत का, आणि कंट्रोलरवरचा बाण पुढे आहे का, ते पाहावं. एखादी मोटर उशिरा सुरू होत असेल तर ईएससींचं कॅलिब्रेशन नव्याने करावं. जीपीएसवर स्थिर ठेवल्यावर ड्रोन वाढत्या वर्तुळात फिरू लागला तर होकायंत्र गोंधळलंय. जीपीएस बॅटरीच्या वायरींपासून दूर, उंच दांडीवर बसवावा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कशाने सुधारलं ते कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून शोध.

तापल्या काळ्या रानात दुपारी वाऱ्याचे भोवरे उठतात, म्हणून उडवायला सकाळ बरी. २०२१च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅम ते दोन किलोचा ड्रोन सूक्ष्म गटात येतो आणि हौसेसाठी उडवायला पायलटचा परवाना लागत नाही. हवाई क्षेत्राचा नकाशा मात्र आधी पाहायचा. त्यातल्या हिरव्या पट्ट्यातही ४०० फुटांची मर्यादा आहे. शिकताना दहा फूट पुष्कळ. प्रत्येक सेल ३.५ व्होल्टवर आला की उतरवायचं, ठेवताना ३.८वर ठेवायचं, आणि पत्र्याच्या खोलीत बॅटरी कधीच ठेवायची नाही.

पडलाच, तर आधी थ्रॉटल शून्यावर, मग बॅटरी सोडवायची. ती चेपली किंवा फुगली असेल तर उघड्यावर, मातीत वेगळी ठेवायची आणि पुन्हा चार्ज करायची नाही. मोटरीचा दांडा बोटाने फिरवून वाकलाय का पाहायचा. पंख्यावर केसाएवढी चीर असली तरी तो टाकून द्यायचा. मग लॉग उघडायचा. कंपनाचा आकडा ३०च्या आत असेल तर ठीक, ६०च्या वर गेला असेल तर पंखे आणि मोटरीचे स्क्रू तपासायचे. चारपैकी एकाच मोटरीला सतत जास्त जोर लावावा लागला असेल, तर तिच्या हाताला पीळ पडलाय का पाहायचं, नव्या मोटरीची ऑर्डर देण्याआधी.